४६४ मिलिमीटरचा सौदा

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर गाडी लावायला जागा मिळाली तर नशीब समजायचं. भाजलेली कणसं, कांदाभजी, घोड्याची रपेट, आणि या गर्दीत फळीवर रंगीत फुगे अडकवून बसलेला बंदूकवाला. गेल्या पावसाळ्यात माझ्या नऊ वर्षांच्या भाच्यानं हट्टानं ती बंदूक हातात घेतली, दहातले तीन फुगे फोडले आणि मग कणीस खाता खाता विचारलं, "मामा, नळी अजून लांब असती तर सगळे फुटले असते ना?"

मोठी माणसंही बहुधा हेच धरून चालतात. नळी लांब, म्हणजे मारा लांब आणि नेम पक्का. फुग्याच्या बंदुकीपुरतं तरी हे खरं नाही. चाप ओढला की आतली स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्या पुढची थोडीशी हवा दाबली जाते आणि ती छर्ऱ्याला ढकलते. ही हवा इतकी थोडी असते की वीतभर नळीतच तिचा जोर सरतो. पुढची नळी वेगाच्या कामाची नाही. तिची कामं दुसरीच. बंदूक मधून मोडून स्प्रिंग ताणायची तर हातात तरफ लागते, ती नळी पुरवते. शिवाय नेम धरायची टोकावरची माशी डोळ्यापासून जितकी दूर, तितकी नेमातली बारीक चूक लवकर दिसते. भाच्याचे सात फुगे वाचले ते नळीमुळे नव्हे, हवेत तरंगणाऱ्या त्याच्या कोपरामुळे.

आपण हा प्रश्न कुठे उभं राहून विचारतोय याची मात्र त्याला कल्पना नव्हती. समोर पाण्यापलीकडे एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. अलीकडच्या अंगाला गिरिनगर, तिथे १९६७ साली आलेली शस्त्रास्त्र तंत्रज्ञानाची संस्था, जी आज 'डायट' म्हणून ओळखली जाते. तिकडे पाषाणला एआरडीई, म्हणजे सैन्याच्या बंदुकांचे आराखडे करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा. आणि खडकीला १८६९ पासून चालत आलेला दारूगोळ्याचा कारखाना. नळी किती लांब ठेवायची, हा प्रश्न पगार घेऊन सोडवणारी माणसं एवढ्या टापूत इतकी एकत्र क्वचितच कुठे सापडतील.

त्यांच्यापुढचा प्रश्न भाच्याच्या प्रश्नाहून अवघड आहे, कारण नळीचं माप एकट्या नळीवरून ठरत नाही. ते ठरतं काडतुसावरून, आणि बंदूक कोण, कुठे, किती वेळ वाहणार यावरून. या दोन धन्यांचं आपसात क्वचित पटतं.

आधी वाहणाऱ्याची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिश सैन्यात दोन मापांच्या बंदुका होत्या. पायदळाच्या ली-एनफील्डची नळी जवळपास ७७ सेंटीमीटर, घोडेस्वाराच्या कार्बाइनची ५३ च्या आसपास. लांब नळीला त्या काळी कारणं होती. एक तर काळ्या दारूच्या दिवसांतली ती सवय. ती दारू धीम्या चालीची, तिचा सगळा जोर वसूल करायला लांबी लागायची. सिंहगडासारख्या किल्ल्यांवर ज्या तोड्याच्या बंदुका चालल्या, त्यांची वाव-वाव लांब नळी याच हिशेबातली. दुसरं कारण असं की सैनिक दोन रांगांत उभे राहून बार काढत. मागच्याच्या नळीचं तोंड पुढच्याच्या कानापलीकडे जायला हवं. तिसरं म्हणजे संगीन. घोड्यावरच्या माणसाला खाली उभ्या शिपायानं गाठायचं तर हातातला भाला लांबच हवा, आणि संगीन लावली की बंदूक हा भालाच होतो.

१८८४ मध्ये पॉल व्येय या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं बिनधुराची दारू सिद्ध केली आणि यातलं पहिलं कारण लंगडं पडलं. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धानं बाकीची दोनही ढिली केली. रांगेत उभं राहायला सवडच मिळेना. माऊझर घेऊन दगडाआड दडलेले बोअर शेतकरी लांबूनच टिपायचे, घोडेस्वारांच्या आखूड कार्बाइन त्यांच्यापर्यंत पोचायच्या नाहीत, आणि पायदळाची लांब बंदूक घोड्यावर घेता येईना. मग दोघांसाठी मिळून एकच माप ठरलं, ६४० मिलिमीटर. नावातच 'शॉर्ट' घातलेली ही ली-एनफील्ड, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. तेव्हाच्या नेमबाजांनी या 'आखूड' बंदुकीवर भरपूर तोंडसुख घेतलं. पुढे ती बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनू लागली, १९६२ मध्ये आपले जवान हिमालयात तीच घेऊन उभे होते, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत पोलिसांच्या हातांत जी शस्त्रं होती त्यांतही ती होती. एका पिढीला जी तोकडी वाटली, ती दुसऱ्या पिढीला बांबूएवढी लांब वाटू लागली होती. बंदूक तीच.

आता काडतुसाकडे वळू. दारू पेटली की वायू होतो, आणि वायूला फुगायचं असतं. पाच पॉइंट छप्पनच्या, म्हणजे ५.५६ मिलिमीटर मापाच्या, काडतुसात दाब वातावरणाच्या चार हजार पटींपलीकडे चढतो आणि गोळी जेमतेम काही सेंटीमीटर सरकते तोवर कळस गाठून उतरू लागतो. सिंहगडाच्या पायथ्याशी बंद पडलेली मोटार ढकलणारी मंडळी आठवा. पहिल्या दहा पावलांत सगळा जीव ओततात, मग दमतात, तरी गाडीचा वेग वाढतच राहतो, फक्त वाढ थोडी थोडी होत जाते. एवढाच फरक, की इथे सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपतो. पुढे जिची गोष्ट येते त्या इन्सास रायफलीच्या ४६४ मिलिमीटरच्या नळीत शून्यापासून सेकंदाला ९०० मीटरपर्यंत जायचं, म्हणजे सरासरीनं गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास ९० हजार पट प्रवेग.

मग नळी कापल्यानं नुकसान किती? याचं उत्तर प्रत्येक काडतुसाला वेगळं आहे, आणि ते का वेगळं हे समजायला एक घरगुती हिशेब पुरतो. काडतुसाच्या पोटात जागा किती, आणि नळीच्या पोटात किती? पाच पॉइंट छप्पनच्या काडतुसात साधारण १.८ घन सेंटीमीटर जागा. ४६४ मिलिमीटरची नळी लांब खरी, पण छिद्र बोरूएवढं बारीक, म्हणून तिच्या पोटात मावतात जेमतेम १० घन सेंटीमीटर. म्हणजे वायू साडेसहा पटींपर्यंत फुगतो न फुगतो तोच गोळी बाहेर पडलेली असते आणि उरलेला जोर हवेत जातो. एके-४७ च्या जातीच्या रायफलीत, ७.६२ बाय ३९ चं काडतूस (माप ७.६२, काडतुसाची लांबी ३९ मिलिमीटर) आणि ४१५ मिलिमीटरची नळी धरली, तर हेच प्रमाण नऊ पटींच्या आसपास येतं. जुन्या ९ मिलिमीटरच्या स्टर्लिंग कार्बाइनची नळी २० सेंटीमीटरांहूनही थोडी कमी, तरी तिथे पंधरा पटींच्या वर. आणि नेमबाजीच्या पॉइंट टू-टू रायफलीत चाळीस पटींच्याही पुढे, कारण काडतूस मुगाच्या शेंगेएवढं आणि नळी हातभर. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून गोम कळते. ज्याचा वायू आधीच चाळीस पट फुगला, त्याची नळी कापली तर गमावण्यासारखं काही उरलेलंच नसतं. पॉइंट टू-टू ची गोळी साधारण १६ इंचांत आपला वेग गाठून मोकळी होते, पुढे घर्षण तिला उलट थोडी रोखतंच. पाच पॉइंट छप्पनचं तसं नाही. मोठं पोट, बारीक नळी. तिचा प्रत्येक सेंटीमीटर कामाचा असतो.

आकडेच द्यायचे तर चार ग्रॅमची नाटो पद्धतीची गोळी २० इंची नळीतून सेकंदाला सुमारे ९४५ मीटरनं निघते. साडेचौदा इंची नळीतून, म्हणजे अमेरिकी एम-४ कार्बाइनमधून, ९०० च्या किंचित वर. दहा इंचांवर आलं की ८०० च्या आसपास. वेगातला हा फरक १५ टक्क्यांचा दिसतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार बदलते, म्हणून ती चौथ्या हिश्शाहून अधिक घटते. आणि ही ऊर्जा जाते कुठे? नळीच्या तोंडाशी भडका आणि कान बधिर करणारा दणका, या रूपानं ती बाहेर पडते. उघड्या माळावर ते चालून जातं. खोलीत, अंधारात, सोबत्याच्या कानाशी, नाही चालत.

आता स्वयंभरण रायफलीची खास अडचण. थ्री-नॉट-थ्री मध्ये प्रत्येक बारानंतर बोल्ट हातानं ओढायचा, त्यामुळे नळी कापली तर फक्त वेग जायचा. १९६३ च्या सुमारास आपल्याकडे एसएलआर येऊ लागली, बेल्जियन एफएएलची इशापुरी बहीण. ती नावाप्रमाणे स्वतःच पुढचं काडतूस भरते, पण चाप एकदा ओढला की एकच गोळी. तिची नळी ५३३ मिलिमीटर. अशा रायफलीत नळीला मध्येच एक बारीक भोक असतं. गोळी त्या भोकापुढे गेली की थोडा वायू तिथून वर शिरतो, दट्ट्याला मागे ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत येतं. मात्र हा वायू ढकलू शकतो तो गोळी नळीत आहे तोवरच. गोळी बाहेर गेली की बूच उडालेल्या सोड्याच्या बाटलीसारखी गत. भोकापासून तोंडापर्यंतची नळी म्हणजे दट्ट्याला मिळणारा वेळ. पुढून नळी कापली की तो वेळ कापला. मग भोक मागे सरकवावं लागतं, तिथे दाब अधिक, सांधे लवकर झिजतात, रायफल जास्त खडबडून धावते. अमेरिकनांनी २० इंची एम-१६ वरून एम-४ केली तेव्हा त्यांना हा धडा मिळाला: आखूड रायफल हे लांब रायफलीचं कापलेलं रूप नसतं, ती नव्यानं जुळवावी लागते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, वीतभर लोखंडाचाच तर प्रश्न आहे.

पाषाणच्या एआरडीईनं १९८० च्या दशकात हाच व्याप अंगावर घेतला. एसएलआरच्या जागी पाच पॉइंट छप्पनचं एक अख्खं कुटुंब घडवायचं होतं. रायफल, हलकी मशीनगन आणि कार्बाइन, तिघांचं काडतूस एकच. या कुटुंबाचं नाव इन्सास. कल्पना देखणी होती, कारण रणांगणावर एकाची काडतुसं दुसऱ्याला चालणं याहून मोठी सोय नाही. रायफलीची नळी ४६४ मिलिमीटर ठरली, मशीनगनची ५३५. मशीनगनला लांब आणि जाड नळी का, हे उघड आहे: तिला लांब पल्ल्यावर सतत बार काढायचे असतात, आणि पातळ नळी तापून दमते. रायफलीची एकंदर लांबी ९६ सेंटीमीटर, एसएलआरहून १८ सेंटीमीटर कमी. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती लोकांनी पाहिली, आणि पुढच्याच वर्षी कारगिलला तिची परीक्षा झाली.

कारगिलवरून एक गोष्ट आठवली. उंचीवर हवा विरळ असते. पाच हजार मीटरवर ती समुद्रसपाटीच्या सहा दशांशांच्या आसपास उरते. गोळीला अडवणारं कमी, म्हणून तिचा वेग टिकतो. पण थंडीत दारू धीम्यानं जळते, म्हणून निघतानाचा वेगच थोडा कमी. नळीच्या मापावर बोलणारे लोक वेगाचा आकडा असा सांगतात, जणू तो रायफलीवर कोरलेला आहे. तो त्या दिवसाच्या हवेचाही असतो.

कुटुंबातलं तिसरं भावंड, कार्बाइन, मात्र रुळलं नाही. आणि ते आश्चर्याचंही नाही. वरचा साडेसहा पटींचा हिशेब पाहा; जे काडतूस ४६४ मिलिमीटरमध्येही आपला जोर पुरता खर्च करू शकत नाही, त्याला त्याहून पुष्कळ आखूड नळीत कोंबायचं, म्हणजे अर्धी दारू तोंडाशी उधळायची. इथे एआरडीईच्या लोकांनी जे केलं ते मला या सगळ्या कहाणीत सर्वांत हुशारीचं वाटतं. नळीशी झगडणं सोडून त्यांनी काडतूसच बदललं. गोळीचा व्यास तोच ठेवला, पण काडतुसाची लांबी ४५ वरून ३० मिलिमीटरवर आणली. पोट लहान, दारू कमी, आणि जी आहे ती आखूड नळीतही बऱ्यापैकी वसूल होते. याच काडतुसावर बेतलेली कार्बाइन म्हणजे जेव्हीपीसी, जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइन. वजन सुमारे तीन किलो, मिनिटाला ७०० हून अधिक बार, परिणामकारक पल्ला १०० मीटरहून जास्त. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या शेवटच्या चाचण्या झाल्या. कार्बाइन कानपूरची, काडतूस आपल्या खडकीचं.

जेव्हीपीसीत आणखी एक युक्ती आहे. तिचं मॅगझीन चापाच्या पुढे नाही, मुठीतच आहे, त्यामुळे यंत्राचा बराच भाग मागे सरकतो. ही युक्ती शेवटाला नेली की ज्याला 'बुलपप' म्हणतात ती रायफल होते. सगळं यंत्र चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटात. आपल्या काही विशेष दलांकडे आलेली इस्रायलची टॅव्होर घ्या. तिची नळी ४६० मिलिमीटर, म्हणजे इन्सासहून फक्त चार मिलिमीटर कमी. पण एकंदर लांबी सुमारे ७२ सेंटीमीटर! इन्सासच्या ९६ पुढे ही अख्खी वीत आखूड, आणि वेग मात्र जवळपास तोच. मग सगळे बुलपपच का घेत नाहीत? कारण चाप पुढे आणि यंत्र मागे, त्यांच्यामध्ये लांबट दांडा, त्यामुळे चाप थोडा रबरासारखा लागतो. मॅगझीन काखेजवळ बदलावं लागतं. आणि डाव्या खांद्यावरून बार काढायची वेळ आली तर रिकामी काडतुसं गालाशी येतात. तिसरा मार्ग दस्ता दुमडण्याचा. गाडीतून, हेलिकॉप्टरमधून जाताना बंदूक आखूड, खांद्याला लावताना पुन्हा लांब. इन्सासच्या दुमडत्या दस्त्याच्या प्रकारात तेच केलंय. नळीला हात न लावता.

नेमाबद्दलचा गैरसमज अजून राहिलाच. लांब नळी जास्त अचूक, हे पुष्कळ जाणते लोकही ठासून सांगतात. पण नेम नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांवर, ती कशी बसवली आहे त्यावर आणि ती किती ताठ आहे त्यावर ठरतो. ताठपणात तर आखूड नळीच जिंकते. एका टोकाला धरलेली सळई जितकी लांब, तितकी लवचीक, आणि लवणं लांबीच्या घनानुसार वाढतं. जाडी तीच ठेवून ४०० मिलिमीटरची ५०० केली तर लव जवळपास दुप्पट. गोळी पळताना नळी थरथरते, आणि लांब बारीक नळी अधिक थरथरते. (गावठी कट्ट्याचा नेम लागत नाही, त्याचं खापर नेहमी आखूड नळीवर फुटतं. खरं दुखणं असतं आट्यांचा पत्ता नसलेली, ढिली नळी. गोळी फिरकी न घेता कोलांट्या खातच बाहेर पडते.)

माशीपुरता मात्र लांबीचा फायदा खरा आहे, आणि नेमबाजांनी तो नळीपासून चक्क वेगळा काढलाय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेऊन आला, तेव्हा कितीतरी घरांत लोक पहिल्यांदाच अशी रायफल नीट पाहत होते. या खेळातल्या बऱ्याच रायफलींची नळी दिसते तेवढी लांब नसते. खरी नळी मध्येच संपते, आणि पुढे लावलेली असते एक पोकळ बिनआट्यांची नळकांडी. गोळीला ती स्पर्शही करत नाही. तिचं काम एकच, माशी डोळ्यापासून दूर नेणं. वेगासाठी हवी तेवढीच नळी, नेमासाठी हवी तेवढी नळकांडी. सैनिकाच्या रायफलीवर दुर्बीण किंवा लाल ठिपक्याची साइट बसली की माशीचा हा मुद्दाच संपतो, आणि गेल्या वीस-तीस वर्षांत जगभर सैन्याच्या नळ्या आखूड होत गेल्या त्याला हेही एक कारण आहे.

वजनाचं गणित सोपं, पण हाताला लगेच कळणारं. १७ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी १० सेंटीमीटरनं वाढवली की दीडशेएक ग्रॅम वाढतात. कागदावर काहीच नाही. पण हे ग्रॅम खांद्यापासून सर्वांत दूर, टोकावर असतात. भरलेली कळशी कमरेवर घेणं आणि तीच हात लांब करून धरणं, यात जो फरक, तोच इथे. ३० मे २०२५ ला एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. तेव्हा ओळखीतल्या एका गृहस्थांनी मला गंभीर चेहऱ्यानं विचारलं, आता बंदुका आखूड कराव्या लागतील का? बुटक्या माणसाला अडचण येते ती दस्त्याच्या लांबीची. नळीचा त्याच्याशी संबंध नाही. आजच्या बहुतेक रायफलींचे दस्ते मागेपुढे सरकतात, सहा फुटी जवानालाही आणि पाच फुटी जवानालाही तीच रायफल बसते. गृहस्थांचं समाधान झालं नाही, ते सोडा.

सैन्याच्या निवडीचा गेल्या काही वर्षांचा प्रवास पाहिला तर माप पुढे-मागे झालेलं दिसतं. २०११ मध्ये सैन्यानं अशी रायफल मागितली होती की जिची नळी बदलून तीच रायफल पाच पॉइंट छप्पनही चालवेल आणि ७.६२ बाय ३९ ही. एका रायफलीनं दोन काडतुसं सांभाळायची. ही मागणी २०१५ मध्ये रद्द झाली. २०१९ मध्ये सीमेवरच्या पायदळासाठी ७२,४०० सिग ७१६ रायफली ठरल्या, ७.६२ बाय ५१ चं दमदार काडतूस आणि नळी मात्र १६ इंचांची, म्हणजे ४०६ मिलिमीटर. एसएलआरपेक्षा जवळपास १३ सेंटीमीटर कमी, काडतूस तेच. वेगात काही तोटा सोसला, बदल्यात बंकरच्या दारातून वळणारी रायफल मिळाली. आणि बाकीच्या मोठ्या गरजेसाठी अमेठीजवळ कोरव्याला बनणारी एके-२०३, नळी ४१५ मिलिमीटर.

हे १६ इंच अमेरिकेतल्या दुकानांत तर सर्वत्र दिसतात, आणि तिथे कारण भौतिकशास्त्र नाही, कायदा आहे. १९३४ च्या संघीय कायद्यानं ठरावीक मापाहून आखूड नळीच्या रायफलींना खास नोंदणी लावली. ते माप आधी १८ इंच होतं, १९६० मध्ये १६ केलं. मग नोंदणीच्या कटकटीशिवाय जितकी आखूड नळी मिळेल तितकी, म्हणून सोळावर गर्दी. आपल्याकडे लष्करी बनावटीची स्वयंभरण रायफल सामान्य परवानाधारकाच्या आवाक्यातली गोष्टच नाही, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याचं सहावं कलम सांगतं की त्यासाठीचा परवाना असल्याशिवाय कुठल्याही बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. त्यामुळे हा प्रश्न इथे उरतो तो सैन्याचा, पोलिसांचा आणि आराखडे करणाऱ्यांचा.

त्यांच्या टेबलावर तो पुन्हा आलाच. जुनी स्टर्लिंग बदलायला सैन्याला जवळच्या लढाईसाठी कार्बाइन हवी होती, पल्ला २०० मीटर. ३० मिलिमीटरचं काडतूस कितीही चपखल असलं तरी ते सैन्याच्या गाड्यांतून वाहायचं आणखी एक निराळं काडतूस झालं असतं. शेजारच्या जवानाचं मॅगझीन उसनं घेता आलं नसतं. सैन्यानं ४५ मिलिमीटरचंच मागितलं. एआरडीईनं त्यावर नवी कार्बाइन आखली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये अशा कार्बाइनच्या कंत्राटाचा मोठा वाटा पुण्याच्याच भारत फोर्जकडे आला. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीची इन्सास कुटुंबाची अडचण फिरून त्याच गावात आली आहे. काडतूस लहान करून जो भडका टाळला होता, तो आता नळीच्या तोंडावरच आवरायचा आहे.